शब्दगाळणी की शब्दचाळणी?

प्रश्न

छंद जोपासणाऱ्यांच्या ऑनलाइन चर्चांमध्ये असभ्य शब्द आपोआप अडवणाऱ्या 'वर्ड फिल्टर'ला मराठीत काय म्हणावे? 'शब्दगाळणी' आणि 'शब्दचाळणी' असे दोन पर्याय मला सुचले आहेत. निरुपद्रवी शब्दांनाही तो कात्री लावतो, तेव्हा त्याच्यासाठी एखादे नेमके विशेषणही हवे आहे.

प्रतिसाद १

'शब्दगाळणी' अधिक योग्य आहे, कारण 'गाळणे' या क्रियापदाचा मजकुराशी जुना संबंध आहे. 'छपाईत एक ओळ गाळली गेली' किंवा 'गाळलेल्या जागा भरा' हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. पुस्तक 'चाळले' म्हणजे वरवर पाहिले, त्यात वगळले काहीच जात नाही. विशेषण म्हणून 'सोवळी' सुचवतो. सोवळ्यात विटाळ स्पर्शावरून ठरतो, हेतू कोणी विचारत नाही. या यंत्रणेचेही तसेच आहे.

इंग्रजीत या दोषाला इंग्लंडमधील स्कनथॉर्प या गावाचेच नाव मिळाले आहे. त्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अश्लील शब्द दडलेला असल्यामुळे १९९६ मध्ये तेथील रहिवाशांना अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना. २०२० मध्ये पुराजीवशास्त्रज्ञांच्या एका ऑनलाइन परिषदेत 'बोन' म्हणजे हाड हाच शब्द निषिद्ध ठरला होता. (जीवाश्मांच्या अभ्यासकांनी मग बोलावे तरी कशाविषयी?) बागकाम करणाऱ्यांचे माती उकरण्याचे 'हो' (इंग्रजीत hoe) हे अवजारही फेसबुकला शिवी वाटले होते. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

प्रतिसाद २

'शब्दगाळणी' मान्य आहे. 'सोवळी' हे विशेषण उपहासाला शोभते, परंतु गंभीर लेखनात मी 'अतिदक्ष' म्हणेन. शिवाय दोष सोवळेपणापेक्षा आंधळेपणाचा अधिक आहे, कारण अशा गाळणीला शब्द दिसतच नाही, केवळ अक्षरांचा क्रम दिसतो.

मराठीत हा घोळ प्रत्ययांमुळे अधिकच वाढतो. समजा, यादीत 'साला' ही शिवी घातली. मग 'स'ने संपणाऱ्या अकारान्त नामांना द्वितीया-चतुर्थीचा 'ला' लागताच 'माणसाला', 'तासाला', 'पावसाला', 'इतिहासाला' ही सारी रूपे अपराधी ठरतात आणि 'सालाबादप्रमाणे' तर पहिल्या अक्षरापासूनच फुल्यांखाली जाते. त्यावर उपाय म्हणून केवळ संपूर्ण शब्द जुळल्यासच अडवावे, असे ठरवता येईल. पण इंग्रजी लिपी गृहीत धरून केलेल्या काही प्रणाली काना-मात्रांना अक्षरच मानत नाहीत, त्यामुळे शब्द कोठे संपला हेच त्यांना नीट कळत नाही. ती अडचण दूर केली, तरी शिवीचे प्रत्येक विभक्तिरूप यादीत वेगळे लिहावे लागते. ते राहून गेले, की 'माणसाला' सुटतो खरा, पण त्याच्याबरोबर 'साल्यांनो'देखील निर्धास्तपणे पार होतो.