धातूच्या डब्यातला अनुनाद: ट्रान्समिशन लाइनने भागेल का?

भोसरी_कंट्रोलर: आमच्या कंट्रोलरचा अॅल्युमिनियमचा डबा ४०० मिमी रुंद, १२० उंच, ३०० खोल आहे. पुढच्या बाजूला मधोमध हवेसाठी १६० × ४ मिमीची आडवी फट. उत्सर्जन चाचणीत (यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींची चाचणी) ६२५ मेगाहर्ट्झला एक स्पाइक मर्यादेबाहेर जातो. बोर्डावर इथरनेटचा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे, म्हणजे हा पंचविसावा हार्मोनिक (मूळ वारंवारतेची २५ पट). तेविसावा आणि सत्ताविसावा मात्र गप्प! थ्रीडी सिम्युलेशनचं लायसन्स परवडत नाही. ट्रान्समिशन लाइनचं (लहर वाहून नेणाऱ्या तारांच्या जोडीचं) साधं मॉडेल चालेल का, की दुसरं काय वापरू?

ओहम३७७: आधी कागद घ्या. डब्याचा सगळ्यात खालचा मोड (ज्या वारंवारतेला आतली लहर घुमते ती; १५० म्हणजे प्रकाशवेगाचा निम्मा, मापं मीटरमध्ये) = १५० × √(१/०.४² + १/०.३²) = ६२५ मेगाहर्ट्झ. डबा आणि हार्मोनिक एकमेकांवर बसलेत.

पुढचं गणित रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या आयईईई (विद्युत अभियंत्यांची संस्था) नियतकालिकातल्या लेखात आहे, तो मिळवाच. येणारी लहर म्हणजे ३७७ ओहमचा स्रोत, फट म्हणजे दोन्ही टोकं शॉर्ट केलेली लाइन, डबा म्हणजे मागच्या भिंतीशी शॉर्ट झालेला वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी धातूची पोकळ नळी). तिन्ही जोडून डब्याच्या मध्यावरचं व्होल्टेज काढायचं. ऑक्टेव्ह या मोफत गणिती सॉफ्टवेअरमध्ये तीस-चाळीस ओळींत होतं. ३७५ मेगाहर्ट्झच्या खाली वेव्हगाइडचा इम्पीडन्स (लहरीला होणारा विरोध) काल्पनिक संख्या होतो, तिथे वर्गमूळाचं चिन्ह सांभाळा. माझे दोन दिवस त्यातच गेले होते. लेखातली लहर बाहेरून आत येते, तुमची आतून बाहेर जाते. पण रेसिप्रॉसिटीमुळे (दोन्ही दिशांना गळती सारखीच, या नियमामुळे) अंदाज कामाला येतो.

जुना_आरएफ: मॉडेल रिकाम्या डब्याचं आहे हे विसरू नका. बोर्ड आत गेला की अनुनाद थोडा खाली सरकतो आणि बोथट होतो. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास आणखी एक मोड आहे. फट मधोमध आहे म्हणून तो बाहेर पडत नाही. फट बाजूला सरकवलीत तर हे साधं मॉडेल चुकेल.

आणि फटीचं क्षेत्रफळ नव्हे, लांबी बघा. १६० ची एक फट काढून ४० च्या चार करा. हवा तेवढीच जाईल, गळती बरीच कमी होईल. पण सगळ्यात आधी केबल काढून मोजा. बऱ्याचदा अँटेना तीच असते.

भोसरी_कंट्रोलर: केबल काढली, स्पाइक तसाच. मग झाकण उघडून मोजलं तर स्पाइक खाली आला, म्हणजे डब्याचा अनुनादच कारण! झाकण पुन्हा बसवून फटीवर तीन ठिकाणी तांब्याची टेप उभी लावून तिचे चार तुकडे केले, आता मर्यादेच्या आत आहे. चार फटींचं ड्रॉइंग आजच शीटमेटलवाल्याकडे पाठवतो. दोघांचेही मनापासून आभार.