तडजोडीने सुटलेलं घर पुन्हा तारण ठेवावं का?

हर्णैची लेक

आमच्या घरातला वाद इथे मांडते आहे, कारण घरात तो आता जेवणाच्या पानावरसुद्धा निघतो.

2018 साली बाबांनी राहत्या घरावर 14 लाखांचं कर्ज काढलं. मागच्या अंगणात पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधायच्या होत्या. दोन झाल्या, तिसरीचा चौथरा झाला, आणि टाळेबंदीत पाहुणे बंद झाले. त्यावर 3 जून 2020 ला निसर्ग वादळ. वाडीतल्या 110 पोफळींपैकी 34 उभ्या राहिल्या. खोल्यांचे पत्रे शेजाऱ्यांच्या विहिरीवर जाऊन पडले होते. हप्ते थकले, खातं एनपीए (थकीत कर्ज) झालं आणि एके दिवशी ओटीवरच्या दारावर 60 दिवसांची नोटीस चिकटवलेली दिसली. आई त्यानंतर कितीतरी दिवस मागच्या दारानेच ये-जा करायची. कागद काढला तरी खळ राहिली होती. ती आईने चिंच आणि काथ्या घेऊन इतकी घासली की तिथला लाकडाचा रंगच गेला. आजही दारावर वहीएवढा फिकट चौकोन आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये एकरकमी तडजोड झाली. येणं 19 लाखांच्या पुढे गेलं होतं, ते 11 लाखांवर मिटलं. आत्याने मुदत ठेव मोडली, मामाने दिले, माझ्या पाटल्या गेल्या. शेवटचे पैसे जानेवारी 2024 मध्ये भरले.

आता भाऊ म्हणतो, घर मोकळं झालंय, त्यावर 12 लाख उचलू. तिसरी खोली पुरी करू, पोफळी लावू. एका फायनान्स कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. 16 टक्के व्याज, 15 वर्षं. मी हिशेब केला: महिन्याला साधारण 17,600 रुपये हप्ता, आणि 15 वर्षांत परतफेड 31 लाखांच्या वर. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कुत्रंही फिरकत नाही. त्या चार महिन्यांचेच 70 हजार कुठून आणायचे?

माझं मत ठाम आहे. नातेवाईकांच्या पैशाने सोडवलेल्या घरावर पुन्हा बोजा चढवण्याचा हक्क आपल्याला नाही. तुम्हाला काय वाटतं?

पावसचा बागायतदार

ताई, तुमच्या आईचं दुःख समजतं. पण मी तुमच्या भावाच्या बाजूचा आहे.

आमच्या वाडीत 22 घरं आहेत. त्यातली 13 बंद. गणपतीला आठ दिवस उघडतात, शिमग्याला दोन दिवस. यातल्या एकाही घरावर एक रुपयाचं कर्ज नाही. कौलं सरकलेली, वाशांना वाळवी, परसात रान माजलेलं. कर्ज नाही म्हणून ती घरं वाचली असं कोण म्हणेल? मुलाला इथे पोट भरता आलं नाही की तो विरारला किंवा नालासोपाऱ्याला जातो आणि घराला कुलूप लागतं. कुलूप लागलेलं घर पाच पावसाळ्यांत खचतं.

तुमचा भाऊ इथे राहून काहीतरी करू म्हणतोय. त्याच्याकडे भांडवल म्हणून घराशिवाय दुसरं काय आहे? मुंबईचा माणूस पगारपत्रक दाखवून कर्ज घेतो. आपल्याकडे दाखवायला घर आणि कलमं, एवढंच. तेही तिजोरीत ठेवायचं म्हटलं तर कोकणातल्या मुलाने धंदा करूच नये का?

16 टक्के जास्त आहेत, हे मान्य. मग व्याजावर भांडा, तारणावर नको.

निवृत्त शाखाधिकारी

मी 31 वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीचशी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. दोन्ही बाजूंचं बोलणं घराच्या मालकीवर चाललं आहे. त्याआधी कागद बघा.

पहिली गोष्ट. तडजोडीने मिटलेलं कर्ज सिबिलच्या (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, ‘क्लोज्ड’ म्हणून नाही. हा फरक लोकांना माहीतच नसतो. पैसे भरले, दाखला मिळाला, म्हणजे पाटी कोरी झाली असं वाटतं. तशी ती होत नाही, ही नोंद वर्षानुवर्षं राहते. म्हणूनच मोठ्या बँका दाराशी येत नाहीत आणि 16 टक्केवाला येतो. तुमच्या भावाला हा दर बाजाराने दिलेला नाही, त्या एका शब्दाने दिला आहे. सोडून दिलेली रक्कम पुढे कधी भरून बँकेकडून नोंद बदलून घेता येते, पण तुमच्या बाबतीत ती 8 लाखांच्या वर आहे.

दुसरी. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या चौकटीनुसार तडजोड झालेल्या कर्जदाराला नवं कर्ज देण्याआधी किमान 12 महिने जावे लागतात, शेतीकर्ज वगळून. तुमचा तो काळ सरला आहे. म्हणजे दार उघडं आहे, पण आत घेताना बँक कपाळावर आठ्या घालणारच.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. जुन्या बँकेचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांतून उतरला का? सरसाई (CERSAI), म्हणजे तारणांची केंद्रीय नोंदवही, तिच्यातून तारण काढलं का? मूळ कागद परत मिळाले का? 1 डिसेंबर 2023 पासून नियम असा आहे की कर्ज फिटल्यावर किंवा मिटल्यावर 30 दिवसांत कागद परत द्यायचे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. तुमचा शेवटचा भरणा त्यानंतरचा आहे.

आणि बागायतदार साहेब, एक लक्षात घ्या. सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकीत कर्जाचं तारण कोर्टात न जाता ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली, शेतजमिनीवर बँकेला जप्ती आणता येत नाही. राहत्या घरावर येते. म्हणून प्रत्येक जण घरच मागतो.

हर्णैची लेक

साहेब, तुमचं वाचून बाबांना फोन केला. कागद मिळालेत. सातबारा भावाने आत्ता मोबाइलवर उघडला, तर बोजा तसाच आहे! दोन वर्षं आम्ही घर मोकळं झालं म्हणून पेढे वाटल्यासारखे वागतोय.

चिपळूणची सून

22 जुलै 2021 च्या पुरात आमचं बाजारपेठेतलं दुकान पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होतं. माल सगळा गेला. चिखल काढायलाच नऊ दिवस लागले. सासरे म्हणाले, आता बस्स. नवऱ्याने राहत्या घरावर कर्ज काढलं आणि दुकान पुन्हा लावलं. तेव्हा मी रडून गोंधळ घातला होता. आज दुकान चालतं, हप्ता जातो, दोन मुलं शिकतात. तेव्हा माझं ऐकलं असतं तर आम्ही आज कुणाच्या तरी दुकानात मापं मोजत असतो.

मात्र आमचं जुनं कर्ज पूर्ण फिटलेलं होतं, तडजोड नव्हती. दर साडेदहा टक्के होता, आणि दुकानाला बाराही महिने गिऱ्हाईक आहे. हे तीन फरक लपवून तुम्हाला ‘घ्या कर्ज’ म्हणणं बरोबर नाही.

वेंगुर्ल्याचो झील

माका वाटता ह्या ताईचा खरा आसा. घर एकदा जाता जाता रवला, तां देवान राखला म्हणूचा. माझ्या काकान दुसऱ्यांदा गहाण टाकल्यान आणि आज थय दुसऱ्याचा रिसॉर्ट आसा. आमी वरसाक एकदा जागेच्या ब्राह्मणदेवाक नारळ देऊक गेलो तरी गेटावर नाव लिवचा लागता. पैसो परत मिळात, मूळपुरुषाची जागा मिळणा नाय.

पुण्यातली भाची

एक विचारते. आई-बाबा 60 च्या पुढचे असतील तर रिव्हर्स मॉर्गेज का नाही? घर आपल्याच नावावर राहतं, बँक दरमहा पैसे देते, हयात असेपर्यंत हप्ता नाही. भावाच्या धंद्यासाठी नाही, पण आई-बाबांच्या औषधपाण्याला तरी.

निवृत्त शाखाधिकारी

योजना 2007 पासून आहे आणि चांगली आहे, पण ती स्वकष्टार्जित राहत्या घरासाठी. कोकणातलं घर बहुतेक वेळा वडिलोपार्जित. घरपट्टी बाबांच्या नावावर, जमीन मात्र सामाईक, सातबाऱ्यावर मयत आजोबा आणि त्यांचे भाऊ. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे.

ताई, यावरून विचारतो. तुमच्या घराखालच्या जमिनीवर नावं कुणाकुणाची आहेत? ज्या आत्याने ठेव मोडून पैसे दिले, तिचं नाव आहे का?

हर्णैची लेक

आहे. 2018 ला तिने संमतीची सही दिली होती. या वेळी तिला कुणी विचारलेलंही नाही.

तिसरी खोली

मी तो भाऊ. ताईने काल रात्री हे सगळं मला पाठवलं. इथे माझ्याबद्दल बोलणं चाललंय, तर मीच बोलतो.

आत्याला विचारलं नाही, ही माझी चूक. ती सहीपुरती नव्हे, माणूस म्हणून विचारायला हवी होती. आज संध्याकाळी जातो.

पण ताई, तू हप्त्याचा हिशेब मांडलास, मिळकतीचा नाही. दोन खोल्या, वर्षाला प्रत्येकी साधारण 90 रात्री, 1,800 रुपये भाडं. म्हणजे 3 लाख 24 हजार. मासळी, गॅस, वीज, चादरी धुणं आणि हाताखालची बाई हे जाऊन हातात 2 लाख उरतात. तुझा हप्ता वर्षाला 2 लाख 11 हजार. नुसत्या दोन खोल्यांवर तो पेलणार नाही, हे मलाही दिसतं. तिसरी खोली झाली की मात्र चार माणसांचं कुटुंब सोडून दहा-बारा जणांचा गट घेता येतो. मे महिन्यात आणि नाताळच्या आठवड्यात मी रोज फोनवर गट नाकारतो. ते लोक आंजर्ल्याला, मुरुडला जातात. चौथऱ्यावर सहा वर्षं शेवाळ धरतंय, ते मी रोज सकाळी बघतो. तू वर्षातून तीनदा बघतेस.

त्या फिकट चौकोनाबद्दल लिहिलंस. नोटीस चिकटवली तेव्हा घरात मी होतो. शेजारी विचारायला आले, त्यांना उत्तरं मी दिली. मला ते विसरायला झालेलं नाही.

पावसचा बागायतदार

भाऊ, मनापासून लिहिलंस. मी काल 12 लाखांच्या बाजूने बोललो होतो, आता आकडे बघून थोडं बदलतो. पोफळीला पहिलं पीक यायलाच सहा-सात वर्षं. त्यासाठी 16 टक्क्यांनी पैसे काढू नकोस, रोपं दरवर्षी दहा-वीस लावत जा. खोली तेवढी कर्जातून. चौथरा आहे, चिरा आपल्याकडे आहे. 4 लाखांत पत्र्याची साधी खोली उभी राहते, आणि तेवढ्यासाठी घराऐवजी सोनं ठेव. हप्ता चुकला तर दागिना जाईल. छप्पर राहील.

हर्णैची लेक

सोनंच तर मोडून झालं ना हो. माझ्या पाटल्या गेल्या, आईच्या गोठ-बांगड्या राहिल्यात. त्या ती देईलही, आणि मला तेच नको आहे.

अरे, तू रोज बघतोस हे खरं. मी पुण्यात बसून हप्ता मोजते. तरी माझं म्हणणं तसंच आहे: पावसाळ्यात मिळकत शून्य आणि हप्ता बारमाही, हे गणित मागच्या वेळीही होतं. तेव्हा वादळ आलं म्हणून आपण सगळा दोष वादळाला दिला. 2018 चं पासबुक काढून बघ. वादळाआधीच्या दोन्ही पावसाळ्यांत बाबांनी हप्ता उसनवारीवर भरला आहे.

तिसरी खोली

हे मला माहीत नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नाही.

फायनान्सवाल्याला आज थांब म्हणून सांगतो. सोमवारी बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे जातो, बोजा उतरवायचा अर्ज देतो. साहेब, सरसाईचं कुठे विचारायचं तेवढं कळवा. खोलीचा विषय मी सोडलेला नाही. चतुर्थीला तू आलीस की पासबुक घेऊन चौथऱ्यावरच बसू. आत्यालाही बोलावतो.

निवृत्त शाखाधिकारी

त्याच बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या, नोंद त्यांनीच काढायची असते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. आणि सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो बाबांच्या नावाचा आधी काढा.