आयर्लंडच्या सुट्टीत रस्त्यांचे फोटो काढायचेत, जाणकारांनी मार्गदर्शन करावे

मैलदगड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी, बायको आणि बाबा असे तिघं नऊ दिवसांसाठी आयर्लंडला निघालोय. व्हिसा, विमान, भाड्याची गाडी, सगळं झालंय. आता प्रश्न रस्त्यांचा.

मला रस्त्यांचे फोटो काढायचा नाद आहे हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. घाट, फाटे, पूल, मोऱ्या, मैलाचे दगड, दिशादर्शक पाट्या. आपल्याकडचे बरेच फोटो इथे टाकलेत, पण परदेशातल्या रस्तेवेड्यांमध्ये काही टाकायची ही पहिलीच वेळ. बाबाही सोबत आहेत. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. सुरुवात मात्र ७२ च्या दुष्काळात, रस्त्याच्या कामावर मस्टर भरण्यापासून. त्यामुळे हा नाद वारशातच आलाय म्हणा.

ठरवलेला मार्ग असा: डब्लिन, गॉलवे, क्लिफ्डेन, डिंगल, मग किलार्नीला राहून रिंग ऑफ केरी, कॉर्क आणि परत डब्लिन. यात कुठले रस्ते घालू, कुठले गाळू? गाडी मीच चालवणार, मग फोटो काढायचे कुणी आणि कसे? आणि काढलेले फोटो टाकायचे कुठे, की तिथल्या लोकांना त्यांचा काही उपयोग होईल? रोज रात्री हॉटेलवर बसून टाकायचा विचार आहे.

कॉर्ककर

अकरा वर्षं कॉर्कला राहतोय, सुट्टी मिळाली की गाडी काढतो. तुमचा मार्ग चांगला आहे, फक्त रिंग ऑफ केरीचा दिवस काढून टाका. मुख्यतः एन ७० वरचा (एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता) तो १७९ किलोमीटरचा फेरा देखणाच आहे, पण जूनमध्ये तिथे टूरबसची रांग असते आणि थांबायला जागा दिसली की तिथे आधीच दोन बस उभ्या असतात. रस्त्याचा फोटो काढणाऱ्याला रस्ता मोकळा दिसायला हवा.

त्याऐवजी केनमेअरला मुक्काम करा आणि हीली पास हा घाट करा. क्रमांक आर ५७४ (आर म्हणजे प्रादेशिक रस्ता), बेआरा द्वीपकल्पावर. केनमेअरहून आर ५७१ ने लॉराघला या आणि तिथून चढायला लागा. माथ्यावर केरी संपून कॉर्क सुरू होतं. उत्तरेला खाली ग्लानमोर तलाव, दक्षिणेला एड्रिगोलकडे उतरणारी वळणं, नुसती दोरी टाकून दिल्यासारखी. परतताना ग्लेनगॅरिफवरून एन ७१ धरा. त्यावर डोंगर फोडून काढलेले छोटे बोगदे आहेत, खडक तसाच उघडा.

आणि हे मुद्दाम तुमच्या बाबांसाठी लिहितोय. हा घाट १८४७ मध्ये दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, माणसं उपाशी मरू लागली, तेव्हा सरकारने रस्त्यांची कामं काढून उपाशी लोकांकडून खडी फोडून घेतली. मजुरी इतकी तुटपुंजी की तिच्यात पोट भरत नव्हतं. पश्चिम किनाऱ्यावर अशा कामांचे कितीतरी रस्ते आहेत, काही तर माळावर मध्येच संपतात. हीली हे नाव नंतरचं, आयरिश मुक्त राज्याचे पहिले गव्हर्नर जनरल टिम हीली यांचं. ज्यांनी ७२ चं मस्टर भरलंय त्यांना या रस्त्यावर वेगळं काही सांगावं लागणार नाही.

घाटवेडी

रिंग ऑफ केरीबद्दल कॉर्ककरांना अनुमोदन. डिंगलला जाताच आहात तर कॉनर पास चुकवू नका, आर ५६०. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला बुटका दगडी कठडा, आणि मध्ये समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत एवढाच रस्ता. दोन टनांवरच्या वाहनांना बंदी आहे आणि तशी पाटी लावलेली आहे. तिचाच फोटो घ्या. माथ्यावर गाडी लावायला जागा आहे. धुकं असेल तर मात्र हट्ट करू नका, तासभर थांबा. मी थांबले होते. धुकं विरलं तेव्हा रस्ता आधी दिसला आणि समुद्र नंतर.

शेवटच्या दिवशी डब्लिनजवळ अर्धा दिवस मिळाला तर सॅली गॅप ही खिंड करा. आर ११५ ला तिथे अजून मिलिटरी रोड म्हणतात. १७९८ च्या बंडानंतर विकलोच्या डोंगरात लपलेल्या बंडखोरांपर्यंत फौज पोचावी म्हणून इंग्रजांनी १८०० ते १८०९ मध्ये तो बांधला.

पाटीवाचक

पाट्यांवर मी बोलणारच. आयर्लंडला जाऊन नुसते घाट काढून आलात तर अर्धा देश राहिला.

तिथल्या दिशादर्शक पाटीवर गावाचं आयरिश नाव वर, तिरप्या अक्षरांत, आणि इंग्रजी नाव खाली, कॅपिटल अक्षरांत. मोटरवेची पाटी निळी, राष्ट्रीय रस्त्याची हिरवी, प्रादेशिक रस्त्याची पांढरी. धोक्याची सूचना पिवळ्या चौकोनात, कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये गेलात की तीच सूचना लाल कडेच्या त्रिकोणात येते, वेग किलोमीटरऐवजी मैलांत होतो आणि रस्त्याच्या कडेची पिवळी तुटक रेषा पांढरी होते. दक्षिणेकडे वेगाच्या पाट्या २० जानेवारी २००५ ला किलोमीटरमध्ये बदलल्या. तुमच्या मार्गात सीमा नाही, पण माहीत असावं.

गेलटाख्त म्हणजे आयरिश बोलणारा भाग. तिथे पाट्यांवर फक्त आयरिश. गॉलवेहून क्लिफ्डेनला सरळ एन ५९ ने न जाता आर ३३६ ने किनाऱ्याकिनाऱ्याने जा, तो भाग लागेल. 'वाट द्या' अशी सूचना देणाऱ्या लाल त्रिकोणावर एरवी इंग्रजी शब्द असतो, तिथे 'गेल श्ली'. डांबरावर 'हळू' म्हणून रंगवलेलं असतं 'गो मॉल'. शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या पाटीवर 'अन लार' तुम्हाला डब्लिनपासूनच भेटेल.

डिंगलची पाटी तर हवीच. २००५ मध्ये सरकारने त्या गावाचं अधिकृत नाव फक्त आयरिशमध्ये ठेवलं, पाट्यांवरून डिंगल गेलं आणि अन डँगन राहिलं. गावाला ते पटलं नाही. २००६ मध्ये मतदान घेऊन त्यांनी दोन्ही भाषांतलं नाव मागितलं. गावाच्या नावावरून लोक किती कळवळतात हे आपल्याला काय सांगायचं.

सर्वात मोलाची मात्र जुनी हातपाटी. खांबावर बाणासारखी, पांढऱ्यावर काळी उठावाची अक्षरं, अंतर मैलांत. आडवाटेला कुठेतरी अजून उभी असते. तिच्यावर टी अक्षराने सुरू होणारा क्रमांक दिसला तर गाडी सुरक्षित जागी लावून चालत मागे या. एन आणि आर क्रमांक १९७७ पासून यायला लागले, टी त्याआधीचा. आपल्याकडे जुना फर्लांगाचा दगड सापडावा तसं ते आहे.

साइडपट्टी

छान धागा. माझ्या निवडक दहा धाग्यांत टाकलाय.

तिरपं_ऊन

फोटो कुणी काढायचे, तर बाबांनी. आयर्लंडमध्येही गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे डावीकडच्या सीटवरच्या माणसाच्या बाजूनेच पाट्या जातात. काच आतून स्वच्छ पुसा. डॅशबोर्डवर काळं कापड टाका, नाहीतर प्रत्येक फोटोत काचेवर डॅशबोर्डची पांढरी सावली येते. चालवणाऱ्याने फोन हातातसुद्धा घ्यायचा नाही, तिथे तो गुन्हा आहे. मोटरवेवर संकटाशिवाय थांबायची परवानगी नाही, कडेच्या पट्टीवरही नाही. मोटरवेचा चांगला फोटो हवा असेल तर वरून जाणाऱ्या एखाद्या पुलावर पायी जा.

पाटीचा फोटो समोरासमोर उभं राहून फ्लॅश टाकून काढू नका. आपण ज्याला रेडियम म्हणतो तो कागद सगळा उजेड परत तुमच्याकडेच फेकतो आणि अक्षरांच्या जागी पांढरा गोळा येतो. जरा बाजूला सरका, फ्लॅश बंद करा. जूनमध्ये पश्चिमेला रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्याची घाई नाही. पण संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य थेट लेन्समध्ये येतो, तेव्हा पाट्या सकाळी आणि वळणं संध्याकाळी असं धरा.

आणि कॅमेऱ्याचं घड्याळ उतरल्या उतरल्या लावा. जूनमध्ये तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. माझी पहिली ट्रिप यात गेली. संध्याकाळच्या लांब सावल्या आणि खाली वेळ रात्री बाराची. पाचशे फोटोंच्या वेळा एकेक करून दुरुस्त केल्या.

नकाशेकरी

टाकायचे कुठे, याचं उत्तर फोटो कशासाठी आहे त्यावर.

जिओग्राफ म्हणून प्रकल्प आहे, २००५ पासून. ब्रिटन आणि आयर्लंडचे एक-एक किलोमीटरचे चौरस पाडलेत आणि प्रत्येक चौरसाचे फोटो लोकांनी भरायचे. रस्ता, मोरी, फाटक, बसथांबा, सगळं चालतं. तुमच्यासाठी हीच जागा. सेबर ही ब्रिटिश आणि आयरिश रस्तेप्रेमींची संघटना आहे, तिथे जुन्या पाट्या आणि जुने क्रमांक यांवर जीव टाकणारे लोक भेटतील. चालत्या गाडीतून ओळीने काढलेले फोटो मॅपिलरीवर टाका, ते चेहरे आणि नंबरप्लेट आपोआप पुसट करतात. बाकी ठिकाणी तुम्हीच बघून टाका, विशेषतः कुणाचं घर, अंगण, शाळेतली मुलं असतील तर. जिओग्राफ आणि विकिमीडिया कॉमन्स यांवरचा फोटो पुढे कुणीही वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा, तुमचं नाव देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून. म्हणून घरच्यांचे फोटो तिथे नकोत.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे. तिथल्या लोकांना तुमचा सूर्यास्त नकोय. रस्त्याचा क्रमांक, तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे होता, जवळचा फाटा कुठला, तारीख काय, एवढं खाली लिहा. पाटी कापू नका, खांबासकट घ्या, आणि दोन पावलं मागे येऊन तीच पाटी रस्त्यासकट पुन्हा घ्या. आयरिश नावं लॉगिनम या नावांच्या कोशात बघून लिहा. उद्या रस्ता रुंद झाला, पाटी बदलली, तर मागे कुणालातरी तुमचाच फोटो लागणार आहे. आपल्याकडे चौपदरीकरणात किती वडांच्या रांगा आणि दगडी मोऱ्या गेल्या, त्यांचे असे तारीखवार फोटो असते तर?

रोज रात्री टाकू नका. फोटोत जागेची नोंद असते, त्यावरून तुम्ही कुठे उतरलात हे जगाला कळतं आणि घर बंद आहे हेही. मुक्काम हलल्यावर टाका, नाहीतर घरी आल्यावर. रोज रात्री फक्त वहीत चार ओळी लिहा, कारण तिसऱ्या दिवशी सगळे आर रस्ते सारखे वाटायला लागतात.

मैलदगड

सर्वांचे मनापासून आभार. रिंग ऑफ केरी काढली, हीली पास घातला. टोल आणि गल्लीबोळातल्या वेगाबद्दल कुणी सांगेल का?

कॉर्ककर

डब्लिनच्या एम ५० मोटरवेवर टोलनाका नाही, कॅमेरा नंबर वाचतो. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरायचे. भाड्याच्या गाडीचं ते कसं करतात हे काउंटरवरच विचारून घ्या. बाकी एम ४, एम ६, एम ८ वर नाके आहेत. ग्रामीण एल, म्हणजे स्थानिक, रस्त्यांवर ७ फेब्रुवारी २०२५ पासून कमाल वेग ८० चा ६० झालाय, पण ज्या रस्त्याच्या मधोमध गवत उगवलंय तिथे ६० सुद्धा जास्त. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायची तयारी ठेवा, आणि फोटोसाठी शेताच्या फाटकासमोर गाडी कधीही लावू नका. क्लेअरहून डिंगलकडे येताना किलिमर ते टार्बर्ट फेरी घ्या, लिमरिकचा वळसा वाचेल.

मैलदगड

परत आलो. सहाशे चाळीस फोटो, त्यातले दोनशे बाबांचे.

गो मॉल मिळालं, गेल श्ली मिळालं, टी क्रमांकाची पाटी नाही मिळाली. कॉनर पासला धुकं होतं, घाटवेडींचं ऐकून थांबलो. पण सांगायचंय ते हीली पासचं.

मी माथ्यावर उभा राहून वळणं काढत होतो. बाबा दिसेनात. बघतो तर खाली उतरून एका मोरीशी वाकलेले. कोरडं दगडी पिचिंग होतं, म्हणजे सिमेंट-चुन्याशिवाय रचलेले दगड, त्यावर हात ठेवून म्हणाले, हा दगड हातानं फोडलेला आहे. मग तिथेच बसून ७२ चं सांगायला लागले. बायका डोक्याला फडकं बांधून खडी फोडायच्या, संध्याकाळी बाबा ढीग मापून ब्रासवर मजुरी मांडायचे. एका बाईचा ढीग चार बोटं कमी भरला होता, तो ह्यांनी पूर्ण लिहिला. हे मी आजवर ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

त्या मोरीचा त्यांनी काढलेला फोटो जिओग्राफवर टाकला, नकाशेकरींनी सांगितलं तसा क्रमांक, दिशा, तारीख लिहून. चौथ्या दिवशी तिथल्या एकाचा निरोप आला की मोरीच्या वरच्या तोंडाला पण दगडीच कमान आहे की नंतर पाइप घातलाय? बाबा दोन दिवस आठवतायत. आमच्याकडे वरच्या बाजूचा फोटो नाही. कॉर्ककर, तुमचं तिकडे जाणं झालं तर बघाल का?

कॉर्ककर

येत्या रविवारी जातो. कुठली मोरी तेवढं नीट सांगा.

मैलदगड

बाबा शेजारीच बसलेत, ते सांगतायत तसं लिहितो. माथ्यावरून एड्रिगोलकडे उतरताना तिसरं वळण संपलं की लगेच डाव्या हाताला. कठड्याचा एक दगड निखळलाय, तीच खूण. पाण्याची धार बारीक आहे, पण बूट घालून जा.