युरेनियमची +५ अवस्था, की +६ आणि +४ यांचे मिश्रण? क्ष-किरण वर्णपटावरून कसे ओळखावे?

प्रश्न: द्रावणरंग

नमस्कार. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या द्रावणातील रसायनावर माझा पदव्युत्तर प्रकल्प सुरू आहे. युरेनिल आयनाचे (+६ अवस्थेतील युरेनियम आणि दोन ऑक्सिजन) आम्लधर्मी द्रावण ठरावीक विभवावर ठेवून त्याचे क्षपण करायचे (इलेक्ट्रॉन देऊन अवस्था खाली आणायची) आणि त्याच वेळी, त्याच सेलमधून क्ष-किरण पाठवून युरेनियमच्या एल-३ कडेजवळचा (ज्या ऊर्जेला आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन सुटू लागून शोषण एकदम वाढते, ती कडा) शोषण वर्णपट नोंदवायचा, अशी आमची पद्धत आहे. क्षपण पुढे सरकले तशी कडा कमी ऊर्जेकडे सरकली आणि +६ व +४ या दोन प्रमाण नमुन्यांच्या साधारण मधोमध आली. माझ्या मते ही +५ अवस्था असावी, परंतु सहकाऱ्यांचे म्हणणे असे की +६ आणि +४ यांचे समसमान मिश्रणही अगदी अशीच कडा दाखवील. चक्रीय व्होल्टॅमोग्रामवरूनही (विभव पुढे-मागे फिरवत नोंदवलेला प्रवाहाचा आलेख) निश्चित काही सांगता येत नाही, कारण परतीच्या फेरीतील शिखर फारच क्षीण दिसते. या दोन शक्यता वेगळ्या कशा कराव्यात? पुढे प्लुटोनियमकडे वळायचे असल्यामुळे पद्धत आत्ताच पक्की करून घ्यावी, असे वाटते.

प्रतिसाद १: बंधलांबी

आपल्या सहकाऱ्यांची शंका रास्त आहे. एल-३ कडा साधारण १७.१७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर असते आणि तेथील गाभ्यातील पोकळीचे आयुष्य इतके अल्प असते की तेवढ्यानेच वर्णरेषा ७ ते ८ इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद होते. +६ आणि +४ यांच्या कडांमधील अंतर मात्र जेमतेम ३ ते ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. म्हणून केवळ कडेच्या जागेवरून मधली अवस्था सिद्ध करणे मला कधीच पटलेले नाही.

उत्तर कडेच्या पलीकडे, वर्णपटाच्या विस्तारित भागात शोधावे; तेथील चढउतारांवरून शेजारी अणूंची अंतरे आणि संख्या कळतात. युरेनिल आयनात दोन ऑक्सिजन अणू युरेनियमच्या दोन बाजूंना एका रेषेत, सुमारे १.७७ अँगस्ट्रॉम अंतरावर असतात. +४ अवस्थेतील जलयोजित आयनात असा आखूड बंध मुळीच नसतो. तेथे पाण्याचे ऑक्सिजन सुमारे २.४ अँगस्ट्रॉमवर असतात. द्रावण म्हणजे +६ आणि +४ यांचे मिश्रण असेल, तर आखूड बंधाची लांबी १.७७ च राहील आणि त्याची सरासरी संख्या २ वरून १ च्या आसपास उतरेल. खरोखरच +५ अवस्था असेल, तर संख्या २ च राहील आणि लांबी वाढेल. संहत कार्बोनेट द्रावणात, जेथे +५ अवस्था टिकते, तेथे हीच वाढ मोजली गेली आहे: अक्षीय (एका रेषेतील आखूड) बंध १.८१ वरून १.९१ अँगस्ट्रॉमपर्यंत आणि कार्बोनेटच्या ऑक्सिजनपर्यंतचे अंतर २.४४ वरून २.५० पर्यंत जाते.

निष्कर्ष काढताना भर लांबीवर द्यावा, संख्येवर नव्हे. या पद्धतीत अंतर ०.०१ ते ०.०२ अँगस्ट्रॉमपर्यंत विश्वासार्ह असते, तर शेजारी अणूंच्या संख्येत १० ते २० टक्के चूक सहज संभवते. तिन्ही अवस्था एकत्र असतील आणि १.७७ व १.९० ही दोन अंतरे वेगळी करायची असतील, तर तरंग-अंकाचा पल्ला (कडेपुढे वर्णपट किती दूरवर मोजला, त्याचे माप) १२ प्रति अँगस्ट्रॉम इतका तरी लागेल. एवढ्या पल्ल्यासाठी विरल द्रावणातील संकेत पुरेसा स्वच्छ मिळतो का, हे आधी तपासून पाहावे.

प्रतिसाद २: विभवमापक

माझे मत विद्युतरसायनाच्या बाजूने मांडतो. आम्लधर्मी द्रावणात +५ अवस्था मिळण्याची अपेक्षाच मुळात कमी ठेवावी. +५ चे दोन आयन एकमेकांशी अभिक्रिया करून एक +६ आणि एक +४ देतात. या विषम विभाजनाचा वेग +५ च्या संहतीच्या वर्गाच्या आणि हायड्रोजन आयनाच्या संहतीच्या प्रमाणात वाढतो. सामू २ ते ४ या अरुंद पट्ट्यात, विरल द्रावणात ही अवस्था काही काळ तग धरते. आपले द्रावण याहून आम्लधर्मी असेल आणि क्षपण तासभर चालत असेल, तर ‘मधोमध’ आलेली कडा मिश्रणाचीच असण्याचा संभव मोठा आहे.

व्होल्टॅमोग्राममधील क्षीण परतीच्या शिखराचे कारणही येथेच सापडते. +६ कडून +५ कडे जाताना दोन्ही अक्षीय ऑक्सिजन जागेवर राहतात, केवळ एक इलेक्ट्रॉन येतो. म्हणून तो टप्पा जलद आणि प्रत्यावर्ती (उलट दिशेनेही सहज होणारा) असतो. तयार झालेला +५ आयन विषम विभाजनाने नाहीसा झाला, तर परत ऑक्सिडीकरण होण्यासाठी इलेक्ट्रोडपाशी फारसे काही उरत नाही. उलट +५ आणि +४ यांच्यामध्ये युरेनियम-ऑक्सिजन बंध तुटावे किंवा जुळावे लागतात, त्यामुळे ती पायरी संथ असते. विभव बदलण्याचा वेग वाढवून पाहावा: परतीचे शिखर ठळक झाले, तर अल्पायुषी +५ प्रथम तयार होतो, याला बळकटी मिळेल.

आणखी एक कसोटी मला फार मोलाची वाटते. निरनिराळ्या विभवांवर द्रावण समतोलाला येऊ द्यावे, प्रत्येक ठिकाणी वर्णपटावरून दोन अवस्थांचे गुणोत्तर काढावे आणि त्याचा लॉगरिथम विभवाविरुद्ध आलेखावा. एका इलेक्ट्रॉनची प्रत्यावर्ती जोडी असेल, तर २५ अंश सेल्सिअसला गुणोत्तर दहापट होण्यास ५९ मिलिव्होल्ट लागतात. उतार याहून वेगळा आला, तर समतोल साधलेला नाही किंवा गृहीत धरलेल्या अवस्था चुकीच्या आहेत. पोटेन्शिओस्टॅटवरील (विभव स्थिर ठेवणाऱ्या उपकरणावरील) आकडा इलेक्ट्रोडचा असतो, साऱ्या द्रावणाचा नव्हे; म्हणून प्रवाह जवळजवळ शून्यावर येईपर्यंत ढवळत थांबावे आणि मगच वर्णपट घ्यावा.

प्रतिसाद ३: मंदप्रकाश

वरील दोन्ही प्रतिसाद मान्य आहेत, पण एम-४ कडेचा उल्लेख राहून जाऊ नये. एल-३ कडेवर इलेक्ट्रॉन मुख्यत्वे ६डी कक्षेत जातो. एम-४ कडेवर, म्हणजे सुमारे ३.७३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, तो थेट ५एफ कक्षेत जातो, आणि अवस्था बदलते तेव्हा इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते ती याच कक्षेत. उच्च विभेदनाने प्रतिदीप्ती मोजली, तर +४, +५ आणि +६ यांची शिखरे वेगळी दिसतात. अशाच मोजमापांतून २०१३ मध्ये दाखवले गेले की युरेनियमच्या तीनास-आठ ऑक्साइडमध्ये (U₃O₈) +५ आणि +६ अवस्था असतात, +४ नव्हे. २०१९ मध्ये याच पद्धतीने, प्लुटोनियम डायऑक्साइडचे सूक्ष्मकण तयार होत असताना मध्ये येणारा +५ अवस्थेतील प्लुटोनियमचा घन पदार्थ ओळखता आला. तो कित्येक महिने स्थिर राहिला.

अडचण सेलची आहे. १७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण पाण्यात सुमारे ८ मिलिमीटर गेल्यावर एक तृतीयांशाच्या थोडे वर उरतात, ३.७ वर तेवढीच घट केवळ ०.१ मिलिमीटरमध्ये होते. त्यात सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या दुहेरी आवरणाच्या खिडक्याही किरण शोषतात. त्यामुळे एल-३ साठी बनवलेला सेल एम-४ साठी चालणार नाही. पातळ खिडकी आणि तिच्या अगदी लगत इलेक्ट्रोड अशी रचना करावी लागेल.

द्रावणरंग

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आमच्या द्रावणाचा सामू १ पेक्षा कमी आहे, त्यामुळे मिश्रणाचीच शक्यता आता मलाही अधिक वाटते; विस्तारित भाग पुन्हा मोजून आखूड बंधाची लांबी पाहीन. एकच आणखी विचारतो: प्लुटोनियमआधी सराव म्हणून सेरियम वापरणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद ४: विभवमापक

सेलची गळती, खिडक्या आणि शोधक यांची चाचणी घेण्यास सेरियम उत्तम आहे. +४ अवस्थेत दोघांच्या आयनिक त्रिज्याही जवळजवळ सारख्या आहेत: सेरियम ०.९७ आणि प्लुटोनियम ०.९६ अँगस्ट्रॉम. विद्युतरसायनात मात्र हे साम्य टिकत नाही. पर्क्लोरिक आम्लात सेरियमच्या +४/+३ जोडीचे विभव सुमारे १.७ व्होल्ट असते, तर प्लुटोनियमचे ०.९८, शिवाय सेरियमला +५ आणि +६ अवस्था नाहीतच. प्लुटोनियमच्या +३ ते +६ या चारही अवस्थांमधील विभव १ व्होल्टच्या आसपास दाटीने बसलेले असल्यामुळे त्या एकाच द्रावणात एकत्र राहू शकतात. हा गुंता सेरियम शिकवू शकत नाही. त्यासाठी नेपच्युनियम अधिक जवळचे, कारण त्याची +५ अवस्था पाण्यात स्थिर असते आणि +६/+५ जोडी १.१४ व्होल्टवर स्वच्छ मिळते.

प्लुटोनियम घेताना शक्य असेल तर २४२ हा समस्थानिक घ्यावा. त्याचा अर्धायुकाल सुमारे ३,७५,००० वर्षे आहे आणि २३९ चा २४,११० वर्षे. म्हणजे तेवढ्याच वस्तुमानात अल्फा-क्रिया साधारण १५ पटींनी कमी. अल्फा कणांमुळे पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि ते आपण ठरवलेली अवस्था हळूहळू बदलत राहते. क्ष-किरणांचा झोतही हेच करू शकतो, म्हणून विद्युत मंडल खुले ठेवून त्याच जागेवर लागोपाठ जलद वर्णपट घ्यावेत. ते एकमेकांवर तंतोतंत बसले नाहीत, तर झोताची तीव्रता कमी करून किंवा द्रावण फिरते ठेवूनच पुढचे मोजमाप करावे.