प्रतिसाद: टॉर्शन आणि ग्रॅव्हिटी प्रोब-बी

"अवकाशकालाला पीळ असता तर ग्रॅव्हिटी प्रोब-बीला तो दिसला असता" हा मुद्दा काहीजण मांडतात, पण मला तो पटत नाही. (हा पीळ म्हणजेच टॉर्शन; आणि ग्रॅव्हिटी प्रोब-बी हा आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, म्हणजे सामान्य सापेक्षता, तपासणारा नासाचा उपग्रह.) त्या उपग्रहात नायोबियमचा मुलामा दिलेले क्वार्ट्‌झचे गोळे फिरत होते. सामान्य सापेक्षतेत टॉर्शनची भर घालणाऱ्या आइन्स्टाइन-कार्तान सिद्धांतात मात्र टॉर्शन निर्माण होतं ते कणांच्या अंगभूत स्पिनमुळे (इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या एका क्वांटम गुणधर्मामुळे), अख्खा गोळा गरागरा फिरल्याने नाही. क्वार्ट्‌झमधले स्पिन एकमेकांना जवळपास पूर्ण रद्द करतात, मग टॉर्शन जाणवणार कशाला? शिवाय या सिद्धांतात ते पदार्थाबाहेर पसरतच नाही. पृथ्वीभोवतीच्या निर्वात कक्षेत ते शून्यच असतं. म्हणजे ग्रॅव्हिटी प्रोब-बीच्या 2011 च्या निकालांनी हा सिद्धांत ना खोडला, ना सिद्ध केला.

गणिती कार्तानने 1922 मध्ये मांडलेली टॉर्शनची कल्पना किबल आणि शियामा या भौतिकशास्त्रज्ञांनी 1960 च्या सुमारास स्पिनशी नीट जोडली. तिचा खरा कस लागेल तो अणुकेंद्राच्याही कितीतरी पट जास्त घनतेला, म्हणजे विश्वाच्या अगदी आरंभी. तिथे स्पिनमुळे येणारं प्रतिकर्षण सिंग्युलॅरिटी (जिथे घनता अनंत होते ती अवस्था) टाळू शकतं, आणि मला तरी सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

टेलिपॅरलल या गुरुत्वाकर्षणाच्या दुसऱ्या मांडणीची गोष्ट वेगळी. तिथे वक्रता शून्य धरून सगळं काम टॉर्शनवर सोपवतात, पण मूळ रूपात समीकरणं सामान्य सापेक्षतेचीच निघतात. वेगळी भाकितं हवी असतील तर एफ(टी) सारख्या (समीकरणात टॉर्शनऐवजी त्याचं एखादं फलन घेणाऱ्या) विस्तारांकडे वळावं लागतं.