पात्रं मध्येच गातात, ते पटावं कसं?

संगीत नाटकात पात्र बोलता बोलता गायला लागलं की कथेवरचा विश्वास उडतो, असा आक्षेप घेतला जातो; तो मला अर्धाच पटतो. असा संकेत, म्हणजे रंगमंचावर खरी मानून चालायची रीत, खटकतो तो बाहेरून चिकटवलेला असला तर. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) घ्या. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरांनी नाटकात गवयीच आणले. तिथे गाणं हीच प्रतिष्ठा आणि भांडणही गाण्यावरूनच. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन वेगळ्या चालींत येतं आणि पंडितजी व खाँसाहेब या दोन प्रतिस्पर्धी गवयांच्या गायकीतला फरक थेट कानांना कळतो. ते संवादात सांगून भागलंच नसतं.

दुसरी वाट मला जास्त धाडसी वाटते: संकेत लपवायचाच नाही. तमाशात एक फेरी मारली की गाव बदलतं, कोणी शंका काढत नाही, कारण सुरुवातीच्या गण-गवळणीपासूनच खेळाचे नियम ठरलेले असतात. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) तर ओळीने उभ्या माणसांचीच भिंत होते. ती डोलते, गाते, पाठ फिरवते आणि तिच्याआड नको ते चालू राहतं. नुसत्या पडद्याचं काम करणारी ही युक्ती पेशवाईतल्या पुणे शहराचं ढोंगच उघडं करते. काय ताकद आहे त्यात!

लिहिणाऱ्यांनी नियम पहिल्या प्रवेशातच दाखवावा. शेवटच्या अंकात अडलं म्हणून पात्र अचानक प्रेक्षकांशी बोलायला लागलं, तर सुरुवातीचा आक्षेप मला पूर्ण मान्य.