भारत-पाक संरक्षण खर्च : आर-स्क्वेअर भरपूर, पण शस्त्रस्पर्धा सिद्ध होते का?

प्रश्न : दोन्ही देशांच्या संरक्षण खर्चाची सिप्रीची (स्टॉकहोममधली शांतता-संशोधन संस्था) १९८८ ते २०१७ अशी ३० वर्षांची आकडेवारी घेतली आहे, स्थिर किमतींच्या डॉलरमध्ये. दोन्हींचा लॉग (लॉगरिदम) घेऊन साधं रिग्रेशन केलं, म्हणजे एका खर्चावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारी रेषा काढली. आर-स्क्वेअर (रेषा आकड्यांशी किती जुळते त्याचं माप) दणदणीत येतो, पण डर्बिन-वॉटसन (लागोपाठच्या वर्षांच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या आहेत का, त्याचं माप) त्याच्याही खाली. हा शस्त्रस्पर्धेचा पुरावा धरावा का? की जीडीपीची टक्केवारी वापरू?

प्रतिसाद १ : नाही. आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसनच्या वर गेला की रिग्रेशन फसवं असण्याचा संशय घ्यायचा, हे अर्थमितीतज्ज्ञ ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच सांगून ठेवलंय. आधी दोन्ही मालिकांवर एडीएफ लावा; मालिकेत युनिट रूट आहे का, म्हणजे ती स्थिर पातळीकडे न परतता भरकटत जाते का, हे ही कसोटी बघते. दोन्ही आय(१) (भरकटणाऱ्या, पण वर्षागणिक फरक घेतला की स्थिर होणाऱ्या) निघाल्या तरच रेसिड्युअलवर, म्हणजे रिग्रेशनने न पकडलेल्या उरलेल्या फरकावर, एंगल-ग्रेंजर; दोन्ही मालिका दीर्घकाळ एकमेकींना बांधलेल्या आहेत का, ते ही कसोटी सांगते. तिथे हमखास होणारी चूक म्हणजे नेहमीचाच एडीएफ तक्ता उघडणं. ५ टक्के पातळीला त्यात उंबरठा −२.८६ असतो. रेसिड्युअलला मोठ्या नमुन्यातही −३.३४ लागतं, ३० निरीक्षणांना साधारण −३.५५. रिग्रेशनने रेसिड्युअल आधीच शक्य तितके लहान करून दिलेले असतात, म्हणून कसोटी कडक.

टक्केवारी नको. जीडीपी झपाट्याने वाढला की खर्च वाढूनही टक्का घसरतो, आणि स्पर्धा थंडावल्यासारखी दिसते.

प्रतिसाद २ : १९९८च्या अणुचाचण्या आणि १९९९चं कारगिल तुमच्या काळाच्या मधोमध आहेत. मालिकेतल्या अशा अचानक बदलाला एडीएफ युनिट रूट समजून बसतो. असा बदल धरून चालणारी झिव्होट-अँड्र्यूज कसोटीही चालवून बघा.

प्रतिसाद ३ : मला आकड्यांचीच जास्त काळजी वाटते. पाकिस्तानने २०००-०१ पासून लष्करी पेन्शन संरक्षणाच्या खात्यातून काढून नागरी खर्चात टाकली. अर्थसंकल्पातले आकडे जोडलेत तर खोटी घसरण दिसेल. शिवाय भारताचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पाकिस्तानचं जुलैला. सिप्री ते कॅलेंडर वर्षांत वाटून देते, म्हणजे एकाच वर्षाचा खर्च दोन निरीक्षणांत पसरतो. त्यात भारताचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत येतो, पाकिस्तानचा जूनमध्ये. त्याच वर्षी दिलेली प्रतिक्रिया नुसत्या लॅगमध्ये (मागच्या वर्षांच्या आकड्यांत) सापडणार नाही.

आणि चीन कुठाय? दिल्लीची नजर तिकडेही असते. मात्र सिप्रीची चीनची मालिका १९८९ पासून आहे.

प्रश्नकर्ता : मग भारत, पाकिस्तान, चीन अशा तीन चलांवर तोडा-यामामोटो (एकाच्या मागच्या खर्चावरून दुसऱ्याचा अंदाज लागतो का, ही कसोटी) लावतो, लॅग ४?

प्रतिसाद १ : ४ म्हणजे जास्तीच्या एका लॅगसह ५. दर समीकरणात १६ गुणांक (तीन चलांचे १५ आणि एक स्थिरांक), आणि चीनमुळे उरलेल्या २९ वर्षांतली पहिली ५ लॅगमध्ये गेल्यावर हाताशी २४ वर्षं! २ वरच थांबा : १० गुणांक, २६ वर्षं. १९९८चा डमी (त्या बदलाची खूण करणारा ०-१ चा चल) घातलात तर ११ गुणांक.